संकरित गव्हाच्या संशोधनासाठी जनुकीय साहित्य कसे मागवावे: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

ज्वारीचा सीएसएच-१ हा संकरित वाण १९६४ साली प्रसारित झाला आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ‘हायब्रीड’ हा शब्द ज्वारीमुळेच तोंडपाठ झाला. गव्हात मात्र ही वाट आजही अवघड आहे. गव्हाच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र असतात, बहुतेक परागीभवन फूल उघडण्यापूर्वीच उरकते आणि परागकण फार काळ जगत नाहीत. त्यामुळे मोठ्या प्रमाणावर संकरित बी तयार करण्यासाठी मादी वाण नरवंध्य, म्हणजे कार्यक्षम परागकण न देणारा, असावा लागतो. ट्रिटिकम टिमोफीवी या गव्हाच्या नातलग प्रजातीच्या पेशीद्रव्यातून, म्हणजे पेशीतील केंद्रकाबाहेरच्या द्रव्यातून, असे वंध्यत्व मिळते, हे १९६२ साली अमेरिकेतील कॅन्ससमध्ये विल्सन आणि रॉस यांनी दाखवले. याच पेशीद्रव्याच्या आधारे जालन्याच्या महिको कंपनीने या शतकाच्या सुरुवातीला ‘प्रथम’ या नावाने संकरित गहू बाजारात आणला होता. या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यापीठांतील पैदासकारांना, संशोधक विद्यार्थ्यांना आणि बियाणे कंपन्यांना मूळ जनुकीय साहित्य, म्हणजे पैदाशीसाठी जपलेल्या वाणांचे व लाइनचे बी, कोठून व कसे मिळते, याची माहिती येथे दिली आहे.

अर्ज भरण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे आहे, हे ठरवावे. ‘संकरित गव्हासाठी उपयुक्त वाण पाठवावेत’ अशा मोघम मागणीतून हाती काही लागत नाही. नरवंध्य ए लाइन स्वतःच्या परागकणांवर बी धरू शकत नाही, त्यामुळे ती टिकवणारी बी लाइन सोबत मागवली नाही तर ए लाइन एका हंगामात संपते. संकरित पिकाच्या ओंबीत दाणे भरावेत यासाठी वंध्यत्व दूर करणारी आर लाइनही लागते. टिमोफीवी पेशीद्रव्याच्या बाबतीत हे पुनर्स्थापन, म्हणजे दाणे धरण्याची क्षमता परत येणे, एकाहून अधिक जनुकांवर अवलंबून असते आणि हवामानानुसार कमीजास्त होते, म्हणून आर लाइनमध्ये कोणते पुनर्स्थापक जनुक आहे याची विचारणा अर्जातच करावी. प्रत्येक साहित्याचा संग्रह क्रमांक, शास्त्रीय नाव, हव्या असलेल्या दाण्यांची संख्या आणि प्रयोजन स्पष्ट लिहावे. मिसुरी येथे अर्नेस्ट सीअर्स यांनी ‘चायनीज स्प्रिंग’ गव्हात तयार केलेल्या गुणसूत्र-न्यूनाधिक, म्हणजे गुणसूत्रांची संख्या नेहमीपेक्षा कमी किंवा जास्त असलेल्या, साठ्यांपैकी काही हवे असल्यास आणखी एक काळजी घ्यावी. एक गुणसूत्र कमी असलेल्या, म्हणजे मोनोसोमिक झाडाच्या स्वपरागित संततीत सुमारे ७३ टक्केच झाडे तशी निघतात, सुमारे २४ टक्के सामान्य असतात आणि उरलेल्या थोड्या झाडांत ती जोडीच नसते. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजण्याची सोय नसेल, तर असे साहित्य मागवण्यात अर्थ नाही.

देशांतर्गत मागणीसाठी नवी दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे, म्हणजे एनबीपीजीआरकडे, अर्ज करावा. या संस्थेचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्यात आहे. गव्हाचा चालू वापरातील संग्रह कर्नालच्या भारतीय गहू व जव संशोधन संस्थेत आहे. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर आणि संस्थाप्रमुखांच्या मार्फत जावा. त्यासोबत स्वाक्षरी केलेला साहित्य हस्तांतरण करार जोडावा. खासगी कंपनीने आपण संशोधन करत असल्याचा पुरावा सोबत द्यावा. मिळालेले बी तिसऱ्या व्यक्तीला न देणे आणि वापराचा अहवाल जनुककोशाला, म्हणजे बियाण्यांचा संग्रह सांभाळणाऱ्या संस्थेला, कळवणे या करारातील अटी अनेकजण वाचतच नाहीत. पेरणीसाठी पोतेभर बियाणे हवे असलेल्या शेतकऱ्याचे काम या मार्गाने होणार नाही, कारण जनुककोश थोडे दाणे देतो आणि ते वाढवण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते.

कंपनीची नोंदणी भारतात झाली असली, तरी तिचे नियंत्रण परकीय असल्यास जैविक विविधता कायदा, २००२ लागू होतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर परकीय नियंत्रणाचा अर्थ कंपनी कायद्यानुसार लावला जातो. अशा अर्जदाराने भारतीय साहित्य घेण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीची गरज तपासून घ्यावी.

परदेशातून बी आणायचे असेल, तर मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्र, म्हणजे सिमिट, आणि अमेरिकेतील आयडाहो राज्यातील अ‍ॅबर्डीन येथील गहू, जव यांसारख्या धान्यांचा राष्ट्रीय संग्रह हे दोन नेहमीचे स्रोत आहेत. बी मागवण्याआधी भारतातील आयात परवाना हाती असला पाहिजे. संशोधनासाठीच्या जननद्रव्याचा, म्हणजे अशाच जनुकीय साहित्याचा, हा परवाना २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशानुसार एनबीपीजीआरचे संचालक देतात आणि त्यासाठी पीक्यू ०८ हा अर्ज भरावा लागतो. परवान्याची प्रत पुरवठादाराला पाठवावी आणि त्याच्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र बियाण्यासोबत येईल, याची खात्री करावी. पाकीट थेट प्रयोगशाळेत न येता ब्यूरोकडे जाते आणि तपासणीनंतरच सोडले जाते. या टप्प्याचा वैताग येतो खरा, पण गव्हाचा ब्लास्ट हा बुरशीजन्य रोग २०१६ साली बांगलादेशात, म्हणजे आपल्या दाराशी, पोचला होता, याचा विचार केल्यास ही तपासणी जाचक वाटत नाही. जनुक-परिवर्तित साहित्यासाठी जनुकीय फेरफार आढावा समितीची मंजुरी आधी लागते.

सिमिट आपले बी प्रमाणित साहित्य हस्तांतरण कराराखाली देते. अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती जनुकीय संसाधनांच्या आंतरराष्ट्रीय करारातून हा नमुना आला आणि २००६ साली तो मंजूर झाला. गहू त्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि भारत २००२ पासून त्याचा सदस्य आहे. बी केवळ अन्न व शेतीसाठीचे संशोधन, पैदास आणि प्रशिक्षण यांसाठी वापरता येते, आणि मिळालेल्या स्वरूपातील बियाण्यावर इतरांची वाट अडवणारा हक्क सांगता येत नाही. त्यातून तयार झालेला वाण इतर पैदासकारांना संशोधनासाठी मुक्तपणे मिळत नसेल, तर विक्रीच्या १.१ टक्क्यातून ३० टक्के वजा करून, म्हणजे ०.७७ टक्के रक्कम करारानुसार भरावी लागते. वाण मुक्त ठेवल्यास हे देणे ऐच्छिक असते. हे कलम नीट वाचल्याशिवाय स्वाक्षरी करू नये.

संकरित बियाण्याच्या बाबतीत आणखी एक कायदा आडवा येतो, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष त्याकडेच होते. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३० नुसार नोंदणीकृत वाण संशोधनासाठी आणि नवा वाण घडवण्याचा आधार म्हणून वापरता येतो. पण दुसऱ्या वाणाच्या व्यापारी उत्पादनासाठी तोच वाण पालक म्हणून वारंवार वापरायचा असल्यास मालकाची परवानगी लागते. संकरित गव्हात दरवर्षी त्याच दोन पालकांचा संकर करायचा असतो, म्हणून दुसऱ्याचा नोंदणीकृत वाण बी लाइन किंवा आर लाइन म्हणून पक्का करण्यापूर्वीच ही परवानगी मिळवावी.

स्वतः तयार केलेली नरवंध्य किंवा पुनर्स्थापक लाइन इतरांना उपलब्ध करून द्यायची असल्यास एनबीपीजीआरकडील वनस्पती जननद्रव्य नोंदणीसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी त्या लाइनचे वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थैर्य दाखवणारी आकडेवारी जोडावी लागते आणि बी राष्ट्रीय जनुककोशात जमा करावे लागते. मंजुरीनंतर लाइनला आयएनजीआर क्रमांक मिळतो, जो पुढे तिची मागणी करणाऱ्या प्रत्येक संशोधकाने आपल्या अर्जात नमूद करावा.