पटल म्हणजे चाळण नव्हे

पाणी १०० अंशांना उकळते आणि अल्कोहोल (म्हणजे इथेनॉल) ७८ अंशांना, म्हणून मिश्रण तापवले की दोन्ही वेगळी होतात, हे उत्तर शाळेत चालते. डिस्टिलरीत ते अपुरे पडते. वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल झाले की द्रवातील आणि त्याच्या वाफेतील प्रमाण सारखेच होते आणि ऊर्ध्वपातनाचा स्तंभ कितीही उंच केला तरी उरलेले पाणी हटत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल तर, भारतीय मानकानुसार, आकारमानाने ९९ टक्क्यांहूनही अधिक शुद्ध लागते.

या अडचणीवरचा एक मार्ग योगायोगाने दिसला. कोलोडियनच्या (नायट्रोसेल्युलोजच्या पातळ पापुद्र्याच्या) घट्ट बांधलेल्या पिशवीतील द्रव, पिशवी नुसती हवेत टांगलेली असतानाही आटत चालला आहे, हे रसायनशास्त्रज्ञ फिलिप कोबर यांच्या साहाय्यकाच्या लक्षात आले आणि कोबर यांनी १९१७ साली पापुद्र्यातून झिरपून वाफ होण्याच्या या क्रियेला ‘परव्हेपोरेशन’ असे नाव दिले.

उद्योगात यासाठी प्रामुख्याने पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) पटल, म्हणजे पातळ पापुद्रा, वापरले जाते; त्याच्या एका बाजूस मिश्रण असते आणि दुसऱ्या बाजूस निर्वात. त्याला चाळणीसारखी भोके असतात, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्याचा वरचा, काही मायक्रोमीटर जाडीचा थर सलग असतो. या बहुवारिकाच्या लांब साखळ्यांवर जागोजागी हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे, OH) गट असतात. पाण्याचा रेणू त्यांच्याशी हायड्रोजन बंध जोडून पटलात विरघळतो, साखळ्यांच्या हालचालीमुळे क्षणभर उघडणाऱ्या फटींतून पुढे सरकतो आणि पलीकडच्या निर्वात बाजूस वाफ होऊन निघून जातो. इथेनॉलचा रेणू मोठा असून त्याच्या एका टोकाला पाण्याशी फटकून वागणारा इथिल गट असतो, त्यामुळे तो कमी विरघळतो आणि हळू सरकतो. वाफेतील प्रमाण सारखे झाल्याने स्तंभात उभी राहणारी भिंत इथे आड येत नाही, कारण निवड उकळण्यावर नव्हे, तर विरघळण्यावर आणि सरकण्यावर ठरते.

मात्र ज्या गुणामुळे पटल पाणी ओढते, त्याच गुणामुळे ते भिजवलेल्या डिंकासारखे फुगते, साखळ्या सैल होतात आणि पाण्याच्या मागोमाग अल्कोहोलही आत शिरते. म्हणून ग्लुटाराल्डिहाइडसारख्या रसायनाने साखळ्या एकमेकींना आडव्या बांधतात. हे बंध कमी पडले तर निवड बिघडते, फार झाले तर पटल ताठर होऊन पाण्याचाही वेग घटतो. पटल बनवणाऱ्यांची बरीचशी कसोटी या मधल्या जागेच्या शोधात लागते.

ऊर्जेचा हिशेबही रोचक आहे. बहुतांशी फक्त पाण्याचीच वाफ करावी लागते, पण त्यासाठी लागणारी उष्णता मिश्रणातूनच घेतली जाते. मिश्रण थंड झाले की पाणी झिरपण्याचा वेग मंदावतो. म्हणून मोठ्या संयंत्रात पटलांचा एक संच ओलांडल्यावर ते पुन्हा तापवून पुढच्या संचात सोडावे लागते.