डेमलर नक्की कोणती? कॉव्हेन्ट्रीची की श्टुटगार्टची?

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ‘डेमलर’ ही अक्षरं दिसली की ‘म्हणजे मर्सिडीजच ना?’ असं हमखास कोणीतरी विचारतं. बहुतेक वेळा ती गाडी इंग्लंडची असते.

मूळ पुरुष मात्र एकच. गॉटलीब डेमलरची कंपनी 1890 मध्ये श्टुटगार्टजवळच्या कानश्टाट्टला स्थापन झाली. त्याच्या इंजिनांचे ब्रिटनपुरते हक्क फ्रेडरिक सिम्सने मिळवले होते. त्यातूनच 1896 मध्ये इंग्लिश डेमलर कंपनी निघाली आणि कॉव्हेन्ट्रीतल्या एका बंद पडलेल्या कापूस गिरणीत तिचा कारखाना सुरू झाला. नाव जर्मन, पण मालक आणि पैसा इंग्रजांचा.

जर्मनीत गाडीवरचं हे नाव लवकरच मागे पडलं. एमिल येलिनेक या धनाढ्य व्यापाऱ्याने वेगवान गाड्यांची मोठी ऑर्डर दिली आणि त्यांना आपल्या मुलीचं, मर्सिडीजचं नाव द्यायला लावलं. 1902 मध्ये त्याची नोंदणीही झाली. पुढे ‘डेमलर’ उरलं ते मुख्यतः कंपनीच्या नावात. 1926 च्या विलीनीकरणानंतर ‘डेमलर-बेन्झ’ म्हणून.

इंग्लिश डेमलरचा थाट वेगळाच. 1900 मध्ये युवराजाने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, डेमलर घेतली आणि पुढची पन्नासेक वर्षं राजघराण्याची गाडी म्हणजे डेमलर हे समीकरण टिकलं. 1950 मध्ये तिथे रोल्स-रॉइस शिरली. 1909 पासून डेमलरने चार्ल्स नाइट या अमेरिकी संशोधकाचं स्लीव्ह-व्हॉल्व्ह इंजिन वापरलं. त्यात नेहमीच्या व्हॉल्व्हऐवजी पिस्टनभोवती नळ्या वर-खाली सरकत. आवाज अगदी कमी, पण इंजिन तेल प्यायचं आणि मागे निळसर धूर सोडायचं. राजेशाही गाडीला हे कसं चाललं, नवलच!

ओळखायची खूण सोपी: रेडिएटरच्या वरच्या कडेला पन्हळी दिसल्या की गाडी कॉव्हेन्ट्रीची. सुरुवातीला त्या जागी पाणी थंड करणाऱ्या पंखेदार नळ्या होत्या, नंतर पन्हळी नुसत्या शोभेच्या उरल्या. पण 1960 मध्ये जग्वारने कंपनी विकत घेतल्यावर या खुणेचाही भरवसा कमी झाला. 1966 ची ‘सॉव्हरिन’ म्हणजे पन्हळी लावलेली जग्वार 420 च.

2008 मध्ये टाटांनी जग्वार घेतली, तिच्याबरोबर इंग्लिश डेमलरचं नावही त्यांच्याकडे आलं. गंमत म्हणजे याच टाटांच्या टेल्कोने 1954 मध्ये जर्मन डेमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले होते, तेही समोर मर्सिडीजचा तारा लावून.