व्यायामाची पहिली दहा मिनिटं

व्यायामाचे फायदे आता कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. रक्तदाब, साखर, सांधे, झोप, मन या सगळ्यांवर त्याचा चांगला परिणाम होतो, हे ज्यानं कधीच व्यायाम केला नाही त्यालाही पाठ असतं. तरीही जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते की २०२२ मध्ये जगातले सुमारे ३१ टक्के प्रौढ, म्हणजे जवळपास १८० कोटी माणसं, पुरेशी हालचाल करत नव्हती. पुरेशी म्हणजे काही फार नाही. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम, नाहीतर ७५ मिनिटं जोरकस व्यायाम. रोजचा हिशेब केला तर झपझप चालण्याची बावीसेक मिनिटं. कळतं पण वळत नाही, त्यातली ही गत.

मग अजून समजावून सांगितलं तर वळेल का? २००२ साली ब्रिटनमधल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी याचीच परीक्षा घेतली. २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला विशेष काही सांगितलं नाही. दुसऱ्याला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचे फायदे यांची माहिती वाचायला दिली. तिसऱ्याला तीच माहिती दिली, शिवाय येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे कागदावर लिहून घेतलं. त्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं जोरकस व्यायाम करणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात ३८ टक्के निघालं आणि दुसऱ्या गटात ३५ टक्के. म्हणजे माहितीनं काडीचाही फरक पडला नाही. तिसऱ्या गटात ते ९१ टक्के होतं.

हा आकडा एका आठवड्याचा आणि विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेला आहे. पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर परिणाम बराच लहान दिसला, पण दिशा तीच राहिली. ‘उद्यापासून नक्की’ या संकल्पाला वेळही नसते आणि जागाही नसते, म्हणून तो हवेत विरतो. ‘संध्याकाळी कामावरून आलो की चपला न काढता तसंच अर्धा तास चालायचं’ हे ठरवलेलं असलं, तर त्या क्षणी पुन्हा विचार करावा लागत नाही. आणि माझ्या मते सगळी गडबड त्या क्षणीच्या विचारात होते.

कारण तो विचार निष्पक्ष नसतो. माणसाच्या इतिहासाचा फार मोठा काळ अन्न मिळवण्यासाठी वणवण करण्यात गेला. चालणं, खणणं, ओझं वाहणं पोटासाठी चुकत नव्हतं आणि उरलेल्या वेळात शक्ती राखून ठेवणं शहाणपणाचं होतं. टांझानियातल्या हाद्झा या शिकारी जमातीचे लोक आजही भरपूर चालतात, पण दिवसाकाठी जवळजवळ दहा तास बसून किंवा टेकून विश्रांतीही घेतात. गरज नसताना घाम गाळायचा ही कल्पनाच शरीराला परकी आहे. म्हणून व्यायाम जिवावर येणं हा स्वभावदोष मानून स्वतःला बोल लावणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. त्यांनी स्वतःला आळशी ठरवायचं काहीच कारण नाही.

आता व्यायाम सुरू झाल्यावर काय होतं ते बघू. बसलेला माणूस उठून पळायला लागतो तेव्हा पायांच्या स्नायूंची ऊर्जेची मागणी दोन-चार सेकंदांत कैक पटींनी वाढते. पण हृदय आणि फुप्फुसं त्या वेगानं तयार होत नाहीत. ऑक्सिजनचा पुरवठा मागणीपर्यंत पोचायला साधारण दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर स्नायू आधी स्वतःजवळच्या क्रिएटिन फॉस्फेट या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाच्या साठ्यावर चालतात आणि मग ऑक्सिजनशिवाय साखर मोडायला लागतात. दरम्यान आतडी आणि इतर अवयवांकडचं रक्त स्नायूंकडे वळवायचं काम चालू असतं. विश्रांतीत शरीरातलं १५ ते २० टक्के रक्त स्नायूंकडे जातं, भारी व्यायामात हेच प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत चढतं. ही सगळी फेरजुळणी होईपर्यंत धाप लागते, पाय जड वाटतात, ‘आज काही खरं नाही’ असं वाटतं. वेग आटोक्यात ठेवला तर थोड्या वेळानं श्वास लयीत येतो, अंग तापतं, सांधे मोकळे होतात आणि तोच वेग सोपा वाटायला लागतो.

घरात बसून ‘जाऊ की नको’ असं घोळवताना आपल्याला नेमकी ही पहिली मिनिटंच आठवतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मॅथ्यू रुबी, एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे तपासलं. व्यायामाआधी लोकांना विचारलं, किती मजा येईल? व्यायाम झाल्यावर पुन्हा विचारलं, किती आली? योग असो, वजनं उचलणं असो की दम लागणारा व्यायाम, लोकांनी आधी बांधलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमीच निघाला. सुरुवात त्रासाची असते आणि अंदाज बांधताना मन तिलाच फाजील महत्त्व देतं, असं त्यांना आढळलं. आपल्या आवडीचा भाग सुरुवातीला ठेवला की मात्र त्याच व्यायामाकडून लोकांची अपेक्षा वाढत होती. ज्याला स्नायू ताणायला आवडतात त्यानं आधी तेच करावं, ज्याला चालायला आवडतं त्यानं आधी चालावं. शरीर तापवण्यासाठी हळू सुरुवात करायला सांगतात तेही इथं कामी येतं, कारण हळू सुरुवातीत ती ऑक्सिजनची तूट लहान राहते.

नव्यानं सुरू करणारे बहुतेक जण इथंच घसरतात. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी जिवाच्या आकांतानं पळतात. व्यायामाचा जोर वाढवत नेला की एका टप्प्यानंतर श्वासाचा वेग एकदम चढतो. व्यायाम चालू असताना मनाला कसं वाटतं यावर पँटेलेमॉन एकेकाकिस या संशोधकानं वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्या टप्प्याच्या खाली बहुतेकांना बरं वाटतं, त्याच्या वर गेलं की जवळजवळ सगळ्यांनाच नकोसं होतं, असं त्यांचं निरीक्षण आहे. सवय नसलेल्या माणसाचा हा टप्पा फार लवकर येतो, कधी नुसत्या चढावर चालतानाही. तो ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर आपण टप्प्याच्या खाली आहोत. दर दोन-तीन शब्दांमागे श्वास घ्यावा लागला तर वर गेलो आहोत. निदान पहिले काही आठवडे वेग त्या खालीच ठेवावा, असं मी आग्रहानं सांगेन, कारण नकोशा वाटलेल्या गोष्टीकडे मन दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. (छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.)

आवडीच्या गोष्टीची जोड देण्याचाही उपयोग होतो. केटी मिल्कमन या अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्या फक्त जिममध्येच ऐकायला मिळतील अशी सोय केली. सुरुवातीला या लोकांच्या खेपा इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त झाल्या. पण मध्ये सणाची सुट्टी आली, जिम काही दिवस सुटली आणि परिणाम ओसरला.

खरी परीक्षा असते ती या खंडाची. सवय २१ दिवसांत लागते असं सगळीकडे ऐकू येतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या रोजच्या नोंदी घेऊन २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत बदलत होता. पाणी पिण्यासारख्या साध्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त दिवस लागले. मला त्यातला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्याच्या प्रक्रियेवर म्हणण्यासारखा परिणाम होत नव्हता.

२०२१ मध्ये मिल्कमन यांच्याच पुढाकारानं अमेरिकेतल्या एका जिमसाखळीच्या ६१,२९३ सदस्यांवर तब्बल ५४ युक्त्या एकाच वेळी चार आठवडे तपासल्या गेल्या. त्यातल्या निम्म्याहून थोड्या कमी युक्त्या लागू पडल्या आणि चार आठवड्यांनंतरही टिकल्या त्या जेमतेम ८ टक्के. सगळ्यात वरचढ ठरलेली युक्ती अगदी किरकोळ होती. एखादी खेप चुकली आणि त्यानंतर माणूस परत आला, तर त्याला काही सेंटच्या किमतीचं जादा बक्षीस.

शरीरही इथं आपल्या बाजूनं आहे. दोन-तीन दिवसांच्या खंडानं कमावलेलं वाया जात नाही. आठवडे लोटले तर दमसास कमी होतो आणि स्नायूंची ताकद त्याहून जास्त काळ टिकते. तेव्हा दिवस, वेळ आणि जागा लिहिताना त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहून ठेवावी: चुकलं तर लगेच दुसऱ्या दिवशी किती वाजता. त्या दिवशी नेहमीच्या निम्मंच केलं तरी चालेल, आणि सुरुवात आवडीच्या भागापासून करावी.