नाण्यांवरची चिन्हं आणि राष्ट्रीय आदर्श

रोजच्या वापरातल्या नाण्यांवरचे चेहरे, प्राणी, घोषवाक्यं बघितली की तो देश स्वतःला काय समजतो ते कळतं, निदान काय दिसायचंय ते तरी कळतंच. म्हणूनच सत्ता बदलली की ठसा बदलायची घाई होते.

ही पद्धत फार जुनी आहे. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला अथीना देवी आणि दुसऱ्या बाजूला तिचं घुबड असायचं, तेच नाणं आज ग्रीसच्या १ युरोवर कोरलेलं दिसतं. रोमचा सर्वसत्ताधीश झालेल्या ज्युलियस सीझरला कटवाल्यांसोबत मारल्यावर ब्रुटसने जे नाणं पाडलं त्यावर दोन खंजीर आणि मधे टोपी आहे, गुलामीतून सुटलेल्या माणसाला रोममध्ये घालायला मिळायची ती, म्हणजे खून हाच मुक्तीचा क्षण असं थेट सांगितलंय. पण त्याच नाण्याच्या पुढच्या बाजूला त्याने स्वतःचाच चेहरा टाकलाय, आणि माझ्या मते या नाण्यातलं सगळ्यात बोलकं तेच आहे.

अमेरिकेने १७९२ च्या कायद्यातच नाण्यावर स्वातंत्र्याचं प्रतीक असावं असं ठरवलं. रोजच्या नाण्यावर खरा माणूस आला तो थेट १९०९ मध्ये, लिंकन. फ्रान्समध्ये तर दुसऱ्या महायुद्धात विशी सरकारने, म्हणजे जर्मनीपुढे हरल्यावर आलेल्या आणि जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या सरकारने, 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' काढून 'श्रम, कुटुंब, मातृभूमी' छापलं, युद्धानंतर जुनं ब्रीद परत आलं.

सगळ्यात सुंदर उदाहरण मात्र आयर्लंडचं. कवी येट्स यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने निवडलेली नाणी १९२८ मध्ये आली, एका बाजूला वीणेसारखं हार्प आणि दुसरीकडे राजा नाही, नेता नाही, नुसते प्राणी! पेनीवर पिल्लांसकट कोंबडी, अर्ध्या पेनीवर डुकरीण आणि तिची पिल्लं, फ्लोरिनवर सामन मासा, हाफ क्राउनवर घोडा. शेतकऱ्यांच्या देशाने गोठ्यातली जनावरं नाण्यावर आणली याचं मला फार कौतुक वाटतं.

भारतानेही १९५० मध्ये ब्रिटिश राजाचा चेहरा काढून सारनाथचे सिंह आणले. रुपयाच्या मागे गव्हाच्या दोन ओंब्या होत्या, आण्यावर बैल आणि पैशावर घोडा, आणि हे दोन्ही प्राणी सारनाथच्या त्याच स्तंभशीर्षावर सिंहांच्या पायाखालच्या पट्टीत कोरलेले आहेत.