हलतंय कोण? चित्र, कडा की डोक्यातली वायरिंग

आमच्या पेठेतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते चित्र परत आलंय. रंगीत चकत्या असलेलं, बघता बघता गोल फिरायला लागणारं. खाली मेसेज ठरलेला, चित्र स्थिर दिसलं तर तुम्ही शांत, हळू हललं तर थोडा ताण, जोरात फिरलं तर लगेच डॉक्टर गाठा, आणि म्हणे जपानच्या कुठल्या तरी न्यूरॉलॉजिस्टनं बनवलंय. लोक घाबरतात हो याला, एका काकूंनी खरंच जाऊन बीपी मोजून घेतलं. तर आधी स्पष्ट सांगतो, चित्र हलण्याचा आणि तुमच्या टेन्शनचा काडीचा संबंध नाही. असली चित्रं जपानमधे क्योटोच्या रित्सुमेकान विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अकियोशी कितावोका यांनी भरपूर बनवली हे खरं, पण ती ताण मोजायला नाही, हालचाल कशी दिसते ते समजून घ्यायला. आणि ती कशी दिसते हे इतकं भारी प्रकरण आहे की त्या फॉरवर्डच्या नादात ते वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

शाळेत आपण शिकलो की डोळ्यावर पडलेलं चित्र १/१६ सेकंद टिकतं, दृष्टिसातत्य, आणि म्हणून सिनेमा हलताना दिसतो. ते चित्र थोडा वेळ टिकतं हे बरोबर आहे, त्यामुळं दोन फ्रेमच्या मधला अंधार जाणवत नाही. पण हालचाल त्यातनं येत नाही. नुसती चित्रं टिकून एकावर एक पडत राहिली असती तर सगळा गिचमिडा झाला असता, घोडा पळताना दिसला नसता.

१८७५ साली व्हिएन्नात झीगमुंड एक्सनर यांनी विजेच्या दोन ठिणग्या पाडून बघितल्या. दोन ठिणग्यांत आधी कुठली पडली हे सांगायला माणसाला मधे साधारण ४५ मिलिसेकंद लागायचे. पण त्याच ठिणग्या अगदी जवळ आणल्या की 'एक ठिणगी इकडनं तिकडं गेली' असं दिसायचं, आणि ते १५ मिलिसेकंदांच्या आसपासच्या फरकालाही दिसायचं. म्हणजे बघा, आधी कोण नंतर कोण हे सांगता येत नाही इतक्या कमी वेळातही दिशा कळते! हालचाल ही आपण जागा आणि वेळ बघून काढलेला हिशोब नाही, रंग दिसावा तशी ती थेट दिसते, तिची यंत्रणाच वेगळी.

ही यंत्रणा वेगळी आहे म्हणजे ती एकटी बिघडूही शकते. १९८३ साली म्युनिकच्या डॉक्टरांनी एका बाईंची केस छापली, मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना इजा झालेली. त्यांना रंग दिसायचे, वस्तू ओळखता यायच्या, पण कपात चहा ओतताना तो गोठल्यासारखा दिसायचा आणि कप भरत आलेला कळायचा नाही. रस्त्यावर लांब असलेली गाडी एकदम जवळच दिसायची, मधलं येणं गायब.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, जरा सावकाश वाचा. समजा एक मित्र आमच्या कोल्हापुरातल्या दसरा चौकात उभा आहे, दुसरा बिंदू चौकात, आणि एक बुलेट गाडी कुठल्या दिशेनं गेली ते मला घरबसल्या ओळखायचंय. दोघंही बुलेट दिसली की मेसेज टाकतात, पण दसरा चौकातल्याचा मेसेज मी मुद्दाम दोन मिनिटं उशिरा पोचेल अशी सोय करतो. बुलेट दसरा चौकातनं बिंदू चौकात दोन मिनिटांत गेली तर दोन्ही मेसेज एकदम वाजतील. उलटी आली तर बिंदू चौकातला मेसेज कधीच येऊन गेलेला असेल, जुळणारच नाही. झालं, दिशा कळली. मधल्या रस्त्यावर काय झालं हे मला बघायलाच लागलं नाही.

बर्नहार्ड हासेनस्टाइन आणि वेर्नर रायशार्ट या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १९५६ मधे हेच मांडलं आणि तेही एका भुंग्यावरनं. भुंगा पाठीकडनं चिकटवून हवेत स्थिर धरला, त्याच्या पायात काड्यांचा हलका पोकळ गोळा दिला. तो जागेवरच चालायचा, गोळा पायाखाली फिरायचा, आणि गोळ्यावर दर थोड्या अंतरानं इंग्रजी Y च्या आकाराचे फाटे, तिथं भुंग्याला डावं की उजवं ठरवावंच लागायचं. भोवती काळे पांढरे पट्टे फिरवले की तो पट्ट्यांच्या दिशेनं वळायचा. पण खरी गंमत पुढं आहे. शेजारच्या दोन जागांवर ओळीनं उजेड वाढवला तर भुंगा त्या दिशेला वळतो, दोन्हीकडं ओळीनं उजेड कमी केला तरी त्याच दिशेला वळतो, पण पहिल्या जागी वाढवला आणि दुसऱ्या जागी कमी केला की उलट दिशेला वळतो! वजा गुणिले वजा अधिक, अधिक गुणिले वजा वजा. म्हणजे भुंग्याच्या डोक्यात दोन सिग्नलचा चक्क गुणाकार होतोय, एक उशीर करून आणि एक थेट, शेजारी त्याचंच उलटं सर्किट आणि शेवटी दोघांची वजाबाकी, अधिक आलं तर उजवीकडं आणि वजा आलं तर डावीकडं. माणसातही तसंच दिसतं. १९७० मधे स्टुअर्ट ॲन्स्टिस यांनी दाखवलं की सरकणाऱ्या चित्रात मधेच काळ्याचं पांढरं केलं तर आपल्यालाही हालचाल उलटी दिसते.

सिनेमा चालतो तो यामुळं. सर्किटला सलग हालचाल लागतच नाही, योग्य अंतरानं आणि योग्य वेळेनं दोन टिंबं चमकली की पुरे. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा जुळवला तोही शेवटी स्थिर फोटोच काढत होता, पळायला लावलं ते बघणाऱ्यांच्या डोक्यानं. आणि 'डोळ्याला २४ फ्रेमच्या वर दिसत नाही' हे सुद्धा चूक. थिएटरात २४ चीच फिल्म असली तरी प्रोजेक्टरचं शटर प्रत्येक फ्रेम निदान दोनदा दाखवायचं, कारण सेकंदाला २४ वेळा उघडझाप झाली तर ती डोळ्याला चांगलीच खुपते.

त्या फॉरवर्डमधलं चित्रही या सर्किटला फसवतं. काळा, गडद, पांढरा, फिका असे तुकडे एका ठराविक क्रमानं लावलेले असतात, काही तुकड्यांचे सिग्नल जरा लवकर पोचतात, काहींचे उशिरा. डोळा बारीक हलला किंवा पापणी लवली की हे सगळे सिग्नल ओळीनं येतात आणि सर्किट म्हणतं 'सरकलं'. हे बहुतेकांना दिसतं.

हेच उघड्यावर बघायचं असेल तर पावसाळ्यात राधानगरीकडं राऊतवाडीच्या धबधब्याला जा, तसंही निम्मं कोल्हापूर तिथंच असतं. सेल्फी झाली की पाण्याच्या मधोमध एक जागा धरा आणि अर्धा एक मिनिट नजर तिथंच ठेवा, पडणाऱ्या पाण्याबरोबर खाली घसरू द्यायची नाही. मग पटकन बाजूच्या ओल्या काळ्या कड्याकडं बघा. कडा वर चढायला लागतो! त्याच्या भेगेतलं गवतसुद्धा वर सरकतं, आणि तरी ते आहे तिथंच आहे, एक इंच वर गेलेलं नाही. रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडमधे फॉयर्सच्या धबधब्यावर हे बघून १८३४ मधे लिहून ठेवलं. अशा जागी एखादं देऊळ असेल तर 'जागृत स्थान आहे, डोंगर हलतो' म्हणायला कुणाला वेळ लागत नाही, पण हे साधा पंख्याचा व्हिडिओ बघूनही होतं.

कारण असं की 'खाली' ओळखणाऱ्या आणि 'वर' ओळखणाऱ्या पेशी काही हलत नसतानाही थोड्या बडबडत असतात, दोघींचा आवाज सारखा म्हणून आपल्याला स्थिर दिसतं. १९६३ मधे होरेस बार्लो आणि रिचर्ड हिल यांनी सशाच्या डोळ्यातल्या पेशींवर मोजलं, एकाच दिशेची हालचाल बराच वेळ दाखवली की ती दिशा ओळखणारी पेशी नंतर नेहमीच्या बडबडीच्याही खाली जाते. पाणी बघून 'खाली' वाली दमली, 'वर' वालीचा आवाज उरला, कडा चढला.

सशात हे डोळ्यातच होतं, माणसात मात्र मुख्यतः मेंदूत, आणि हे तुम्ही घरी तपासू शकता. मोबाईलवर धबधब्याचा व्हिडिओ लावा, उजवा डोळा हातानं झाकून फक्त डाव्यानं मिनिटभर एका जागी बघा, मग डावा झाकून उजव्यानं भिंतीकडं बघा. उजव्यानं पाणी बघितलेलंच नाही, तरी भिंत वर सरकते, जरा कमी, पण सरकते. त्या दमलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांची माहिती एकत्र होते त्याच्या पुढं कुठं तरी बसल्यात.