दोन सबवूफर, तरी बेस गायब

कारच्या डिकीत दुसरा सबवूफर (खालचे, जाड सूर वाजवणारा स्पीकर) बसवल्यावर बेस, म्हणजे ते जाड सूर, वाढण्याऐवजी पातळ झाला, की पहिला संशय ॲम्प्लिफायरवर जातो. प्रत्यक्षात अनेकदा एका वूफरच्या दोन वायरींची अदलाबदल झालेली असते. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. एका वूफरचा कोन (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा शंकूसारखा पडदा) पुढे येत असतानाच दुसऱ्याचा मागे जात असेल, तर एकाने वाढवलेला दाब दुसरा तिथल्या तिथे कमी करतो. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 6.9 मीटर असते आणि दोन वूफरमध्ये जेमतेम अर्धा मीटर अंतर असते, त्यामुळे ही वजाबाकी जवळजवळ पूर्ण होते. दोन्ही कोन एकाच दिशेने हलले, तर मात्र दाब दुप्पट होतो, म्हणजेच पातळी 6 डेसिबलने वाढते.

खात्री करायला महागडे उपकरण लागत नाही. ॲम्प्लिफायरच्या वायरी सोडवून दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलचे धन टोक वूफरच्या धन टर्मिनलला आणि ऋण टोक ऋण टर्मिनलला क्षणभर लावावे. सर्वसाधारण वूफरचा कोन पुढे सरकतो. एक वूफर मुद्दाम चुंबक बाहेर ठेवून उलटा बसवला असेल, तर त्याच्या वायरीही उलट्याच जोडाव्या लागतात. वूफर सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) जोडले की पॅरललमध्ये (समांतर), याने ॲम्प्लिफायरवरील भार बदलतो (4 ओहमचे दोन अनुक्रमे 8 किंवा 2 ओहम होतात), पण धन-ऋणाचा हिशेब दोन्हीकडे पाळावाच लागतो.

जागेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. वूफर डिकीच्या झाकणापासून एक मीटर पुढे असेल, तर झाकणावर आपटून परतणारी लहर दोन मीटर जास्त प्रवास करते. 86 हर्ट्झच्या आसपास हे अंतर अर्ध्या लहरीइतके भरते, परतलेली लहर मूळ लहरीच्या उलट पडते आणि नेमका तोच सूर खचतो. वूफरचे खोके मागे सरकवून कोन झाकणापासून 30 सेंटीमीटरवर आणला, की तो खड्डा 286 हर्ट्झच्या जवळ जातो, जिथे सबवूफरचे कामच नसते. मागे तोंड करून झाकणालगत ठेवलेला वूफर बहुधा दमदार वाजतो, त्याचे एक कारण हेच.

पुढच्या दारांतील स्पीकरशीही मेळ बसवावा लागतो. त्यांच्यापेक्षा सबवूफर चालकापासून दोन मीटर दूर असेल, तर 80 हर्ट्झला दोघांचे आवाज जवळपास विरुद्ध अवस्थेत (एकाचा दाब वाढत असताना दुसऱ्याचा कमी होत) कानाशी पोहोचतात. अशा वेळी ॲम्प्लिफायरवरील फेजचे, म्हणजे लहरीची अवस्था उलटवणारे, बटण 0 वरून 180 वर नेऊन पाहावे. खालचे आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या फिल्टरमुळेही अवस्था सरकत असल्याने नुसत्या गणितावर न विसंबता, चालकाच्या आसनावर बसून 80 हर्ट्झचा सूर वाजवावा आणि ज्या स्थितीत तो भरीव ऐकू येईल ती ठेवावी. ही चाचणी डिकी आणि दारे बंद करूनच घ्यावी, कारण उघड्या डिकीत परतणाऱ्या लहरीचा मार्गच बदललेला असतो.