पाइपचा सपोर्ट 'वजनाने' तुटतो? हिशोब करून बघा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत कूलिंग वॉटर लाईनचा सपोर्ट तुटला की निदान ठरलेलं: "पाण्याचं वजन पेललं नाही, जाड अँगल मारा." आता १५० मिमी पाइपात मीटरला साधारण १८ किलो पाणी बसतं. पहिल्या दिवसापासून तेवढंच. मग सपोर्ट चार वर्षांनी का तुटावा?

बऱ्याचदा मारेकरी आडवा धक्का असतो. लाईट जाते, पंप थांबतो, पाणी मागे फिरतं आणि एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उशिरा, धाडकन मिटतो. हाच वॉटर हॅमर. सेकंदाला २ मीटर वेगाचं पाणी लोखंडी पाइपात एकदम अडलं तर दाब सुमारे २४ बारने उसळतो. १५० मिमीच्या एल्बोवर (पाइपच्या वळणावर) तो ४ टनांहून जास्त जोर लावू शकतो! अँगल कितीही जाड घाला, मग अँकर बोल्टच भिंतीतून उपटतो.

म्हणून तुटलेला तुकडा लगेच भंगारात टाकू नका. (आपल्याकडे वेल्डर फार तत्पर, पुरावा तासाभरात गायब.) ब्रॅकेट खाली वाकलाय, की लाईनच्या दिशेने ओढला गेलाय? खाली वाकला असेल तर वजनावर संशय रास्त; लाईनच्या दिशेने ओढला असेल तर हॅमरवर. यू-बोल्टखाली घासून चकाकी असेल तर पाइप हलतोय. क्लॅम्पखाली ओल साचून गंजही आतून खातो, वरच्या रंगावर जाऊ नका.

हॅमर निघाला तर आधी स्प्रिंगचा, झटपट मिटणारा एनआरव्ही बसवा. एल्बोजवळ अँकर, म्हणजे पाइप जागीच घट्ट धरणारा आधार, द्या. अँगलची जाडी त्यानंतर ठरवा.